आजीच्या पाटल्या, वीस कॅरेट

अण्णांच्या दुकानातला केर विकला जायचा.

ठाण्यात खारकर आळीतल्या त्या आठ बाय दहाच्या दुकानात मी सोनारकाम शिकायला बसले तेव्हा सगळ्यात आधी मला हेच सांगितलं गेलं, की झाडू रोज मारायचा पण केर टाकायचा नाही. सगळा एका पत्र्याच्या डब्यात. हात धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत, बसायचं गोणपाट जुनं झालं तर तेही डब्याशेजारी घडी करून ठेवायचं. दिवाळीच्या आधी झारेकरी यायचा, डबा उचलून बघायचा, चिमूटभर माती तळहातावर घेऊन फुंकर मारायचा आणि मग भावावरून दोघांची अर्धा तास घासाघीस चालायची. तो ते सगळं घेऊन जायचा, गोणपाट जाळायचा, माती धुवायचा आणि त्यातून सोनं काढायचा. विदर्भात तर ह्याच कामावर पिढ्यानपिढ्या जगलेला सोनझारी समाज आहे, नदीची वाळू धुणारा आणि सराफ्याच्या गटारातला गाळ धुणारा.

अण्णा म्हणायचे, सोनं कुठ्ठे जात नाही, फक्त जागा बदलतं. आणि ते खरंच आहे, माणसाने आजवर जमिनीतून काढलेलं सोनं दोन लाख टनांच्या वर भरतं असा अंदाज आहे आणि त्यातलं जवळजवळ सगळं आजही कुणाच्या तरी गळ्यात, कपाटात नाहीतर बँकेच्या तळघरात आहे. तांबं, लोखंड आपण भंगारात टाकतो, सोनं कोण टाकतंय?

सोनं जातं कुठे हे मला माझ्या धंद्याने पहिल्या दिवशी शिकवलं. येतं कुठून हे मात्र अकरा वर्षांत कुणी शिकवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

ते विचारलं एका गिऱ्हाईक मुलीने. घोडबंदर रोडला राहणारी, सत्तावीस-अठ्ठावीसची, लग्न ठरलेलं. मंगळसूत्राच्या वाट्या हाताने घडवून हव्या होत्या, मशीनच्या नकोत, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे आली. मी तिला नमुने दाखवले, वजनं सांगितली, हॉलमार्क करून देते म्हणलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ताई, हे सोनं कुठलं असतं?" मी म्हणलं झवेरी बाजारातून आणते, माझा ठरलेला माणूस आहे, बिलासकट देतो. ती म्हणाली, "नाही म्हणजे, त्याच्याही आधी."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ती गेल्यावर मी समोरच्या डबीतल्या लगडीकडे बघत बसले. दीड-दोन तोळ्यांची लगड. तिच्यावर माझ्या घराचे हप्ते चालतात, मुलाची फी जाते, आणि ती ह्या टेबलावर येण्याआधी कुठे होती त्यातलं मला फक्त शेवटचं स्टेशन माहीत होतं.

तुम्ही म्हणाल हॉलमार्क आहे की. हो आहे, आणि मी त्याच्या बाजूने भांडणारी बाई आहे. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख नंबर, नसलेला दागिना दुकानदाराला विकता येत नाही (काही सवलती आहेत, दोन ग्रॅमच्या आतला नग, कुंदन-पोलकी वगैरे). बीआयएस ह्या सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमधे तो नंबर टाकला की कुणाच्या दुकानाचा, कुठल्या सेंटरला तपासला, काय वस्तू, शुद्धता किती, सगळं दिसतं. आमच्या आज्यांना कसोटीवरच्या रेघेवर आणि सोनाराच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवावा लागायचा, त्यामानाने हे फार मोठं काम झालेलं आहे. पण तो नंबर मागे जातो तो सेंटरपर्यंत, दुकानापर्यंत. किती शुद्ध, एवढंच तो सांगतो. त्याच्या आधी ते सोनं कुठल्या देशात, कुणाच्या हातांनी, काय घालून दगडातून सोडवलं ह्याबद्दल त्यात काहीही नाही. आपण बावन्नकशी म्हणतो ना, आपली सगळी भाषाच कसाची आहे. उगमाचा शब्द आपल्याकडे नद्यांसाठी आहे, सोन्यासाठी नाही.

मग मी विचारायला सुरुवात केली. आधी माझ्या झवेरी बाजारातल्या माणसाला. तो सज्जन आहे, त्याने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, माझ्याकडे बार येतो, बारवर नंबर असतो, नंबरचं बिल असतं, त्याच्या मागे मी कधी गेलो नाही. मग मी मागे जायला लागले, वाचत, लोकांना फोन करत.

भारत वर्षाला सातशे-आठशे टन सोनं बाहेरून आणतो. आपल्याकडे खाणीतून निघणारं म्हणजे मुख्यतः कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण, तिचं वर्षाचं उत्पादन दीड टनाच्या आसपास. म्हणजे आपल्या अंगावरचं नवीन सोनं जवळजवळ सगळं परदेशी मातीतलं, आणि ते दोन रूपांत येतं, एक तर तयार शुद्ध बार, नाहीतर खाणीवर कच्चं ओतलेलं डोरे, जे इथे येऊन शुद्ध होतं. लंडनच्या एलबीएमए ह्या सोन्याच्या घाऊक बाजाराच्या संस्थेच्या यादीतली आपल्याकडची एकच रिफायनरी, हरियाणात मेवात भागात. त्या यादीत राहायचं तर २०१२ पासून रिफायनरीला आपलं सोनं कुठून आलं, त्यात युद्धाचा, जबरदस्तीच्या मजुरीचा पैसा नाही ना, हे तपासून ऑडिट करून घ्यावं लागतं. म्हणून त्या यादीतला सीलबंद, नंबरचा बार घेणं हे न घेण्यापेक्षा नक्कीच बरं, आणि मी तेव्हापासून नवीन सोनं तसंच घेते. पण एक गोष्ट मनात स्पष्ट ठेवायला लागते, की रिफायनरीच्या मुशीत पाच ठिकाणचं सोनं एकत्र वितळतं. नंबर आपल्याला त्या मुशीपर्यंत नेतो. मुशीच्या पलीकडे, ते ऑडिट करणाऱ्यांवर विश्वास.

हे सगळं डोक्यात घोळत असताना आमच्या बिल्डिंगमधल्या अक्कांशी बोलणं झालं. अक्का तमिळ, पण पन्नास वर्षं ठाण्यात, मराठी माझ्यापेक्षा चांगली. त्यांचं माहेर केजीएफ हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावलाच नव्हता. कोलार गोल्ड फील्ड्स. जॉन टेलर कंपनीने १८८० च्या सुमारास तिथे खाणकाम सुरू केलं, १९०२ मधे कावेरीवरच्या शिवनसमुद्राहून खास त्या खाणींसाठी वीज आणली, तेव्हा ठाण्या-मुंबईत बहुतेक घरांत कंदील होते. चॅम्पियन रीफ नावाची खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली. अक्कांचे अप्पा त्या खाणीत होते.

अक्का सांगत होत्या आणि हाताने शेंगा सोलत होत्या. की खाली इतकी उष्णता की अप्पा वर आले की आधी नुसते पायरीवर बसून राहायचे, बोलायचे नाहीत, आई तांब्याभर ताक आणून ठेवायची आणि आम्ही पोरं लांबून बघायचो. की कधीकधी रात्री घर हलायचं, खाली दगड फुटायचा, आणि शेजारपाजारच्या सगळ्या बायका बाहेर येऊन कुणाच्या पाळीत कोण आहे ते मनात मोजायच्या. की उन्हाळ्यात वारा सुटला की गावाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या मोठ्ठ्या ढिगांवरची भुकटी उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. ते ढीग म्हणजे सोनं काढून उरलेला दळलेला दगड, सायनाइडने धुतलेला. एका टन दगडात चार-पाच ग्रॅम सोनं मिळालं तर ती चांगली खाण म्हणतात, बाकीचा सगळा टन तिथेच राहतो, गावात. खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. ढीग आहेत. अप्पांना छातीचा आजार होता, दगडाची धूळ फुप्फुसात बसून होतो तो, सिलिकोसिस, खाणकामगारांत तो कितीतरी जणांना असायचा.

मी विचारलं, अक्का, तुमच्याकडे सोनं होतं का तेव्हा घरात? त्या म्हणाल्या, आईच्या तालीचं, मंगळसूत्राचं, तेवढं. आणि परत शेंगा सोलायला लागल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे मी वाढवून सांगत नाहीये. मी अकरा वर्षं ज्या धातूला हात लावते त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं माणूस चौथ्या मजल्यावर राहत होतं आणि मी तिला दर दिवाळीला नुसता फराळ नेऊन देत होते.

आता पाऱ्याचं सांगते, कारण त्याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही. जगात निघणाऱ्या सोन्यातला साधारण पाचवा हिस्सा मोठ्या कंपन्यांच्या खाणीतून येत नाही, तो छोट्या-छोट्या खड्ड्यांतून, नदीकाठांवरून, दीड कोटीच्या आसपास माणसांच्या हातांनी येतो. पेरू, कोलंबिया, घाना, सुदान, इंडोनेशिया, कितीतरी ठिकाणी. दगड दळायचा, त्यात पारा ओतायचा, पारा सोन्याचे कण पकडतो, मग तो गोळा कापडातून पिळून आगीवर धरायचा, पारा वाफ होऊन उडतो, सोनं उरतं. स्वस्त, झटपट, एका माणसाला घरच्या अंगणात जमणारं. ती वाफ आधी त्याच्या फुप्फुसात, मग चुलीशी बसलेल्या बायकोच्या, मग पावसाबरोबर नदीत, तिथून माशात. माणसामुळे हवेत जाणारा जगातला सगळ्यात जास्त पारा ह्याच कामातून जातो, एक तृतीयांशाहून जास्त. पेरूमधल्या माद्रे दे दिओस भागात त्यापायी जंगलाचं वाळवंट झालं, नुसती डबकी उरली. ब्राझीलमधे यानोमामी आदिवासींच्या भागात बेकायदा सोनेवाले घुसले आणि जानेवारी २०२३ मधे तिथल्या सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

हे लांबचं वाटत असेल तर चेंदणी कोळीवाड्यात या. माझी कोळीण मावशी मला वीस वर्षं मासे देते, आणि तिचे सासरे सांगायचे की खाडीतली बोयटं आधी कशी असायची आणि मग कशी झाली. उल्हास नदीच्या मुखाकडच्या गाळात पारा सापडल्याचे शास्त्रज्ञांचे अभ्यास आहेत, तो सोन्याचा नव्हता, कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांचा होता, पण पाऱ्याला काय, तो गाळात बसतो आणि गाळातून माशात चढतो, कुठल्या धंद्यातला ते त्याला माहीत नसतं. जपानच्या मिनामाताला १९५६ मधे माशांतून अंगात गेलेल्या पाऱ्याचा रोग पहिल्यांदा नोंदला गेला, खाडीतले मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांत. त्याच गावाच्या नावाने २०१३ मधे पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. मी आता बाजारात बोयटं घेताना पेरूमधल्या कुणा बाईचा विचार करते, खोटं नाही सांगत.

पण म्हणून त्या छोट्या खाणीवाल्यांचं सोनं घ्यायचंच नाही हे मला पटत नाही. ती गरीब माणसं आहेत. आपण तोंड फिरवलं तर ते खणणं थांबवणार नाहीत, फक्त अजून वाईट दलालाला अजून कमी भावात विकतील. दुसरा रस्ता आहे आणि तो लोकांनी चालून दाखवलेला आहे. कोलंबियातल्या चोको भागात कृष्णवर्णीय खाणकामगारांच्या कुटुंबांनी २००० च्या आसपास ओरो वेर्दे म्हणून काम उभं केलं, पारा अजिबात नाही, नदीकाठच्या झाडपाल्याचा फेसाळ रस वापरून सोन्याचे बारीक कण वेगळे करायचे, आणि खणलेली जागा परत जंगलाला द्यायची. त्यातूनच पुढे छोट्या खाणींच्या सोन्यासाठीचा फेअरमाइन्ड हा शिक्का आला, आणि २०११ मधे गरीब उत्पादकांना रास्त भाव मिळवून देणाऱ्या फेअरट्रेड संस्थेने सोन्याला आपला शिक्का द्यायला सुरुवात केली, त्यात खाणवाल्यांच्या संघाला लंडनच्या भावाच्या निदान ९५ टक्के किंमत मिळते आणि वर किलोमागे २००० डॉलर गावाच्या कामासाठी. नोबेल शांतता पुरस्काराचं पदकसुद्धा २०१५ मधे कोलंबियातल्या अशाच एका सहकारी संघाच्या सोन्यातून घडलं.

किलोमागे २००० डॉलर म्हणजे ग्रॅममागे दोन डॉलर, दोनशे रुपये सुद्धा नाहीत. आपल्याकडे ग्रॅममागे घडणावळ किती घेतात ते पावतीवर बघा एकदा. एवढ्याशा पैशात पलीकडच्या गावात शाळेचं छप्पर होतं. पण ते सोनं मला ठाण्यात बसून आणता येत नाही, आपल्याकडे सोनं आयात करायचा अधिकार मुख्यतः ठराविक बँका आणि एजन्सींना, त्या किलो-किलोने आणतात आणि माझी वर्षाची गरज त्यांच्या एका बारएवढी नाही. मी ज्यांना ज्यांना फेअरमाइन्ड म्हणलं त्यांनी मला स्पेलिंग विचारलं. मला ह्याचा राग येतो. जगातले सगळ्यात मोठे सोनं घेणारे आपण आणि चीन, आणि आपल्या बाजारात हा प्रश्न विचारायला गिऱ्हाईकच नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून कुणाला प्रश्न पडत नाही.

मग मी काय करू शकते? परत अण्णांकडे गेले. अण्णा आता दुकानात बसत नाहीत, घरीच असतात, बोलताना दम लागतो. त्यांना मी हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "पोरी, तू पेरूला चाललीस, इथलं बघ की." मला आधी कळलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

केडीएम. आपल्या सगळ्यांच्या आयांच्या तोंडी हा शब्द आहे, केडीएमचं सोनं, म्हणजे चांगलं सोनं. तो कॅडमियमचा डाग. पूर्वी सोन्याला सोनं जोडताना जो डाग द्यायचे त्यात तांबं-चांदी जास्त, त्यामुळे दागिना वितळवला की कस उतरायचा. कॅडमियमने डाग द्यायचा तर कस टिकतो, जोड सुंदर येतो, गिऱ्हाईक खूश. पण फुंकणी मारताना कॅडमियमची वाफ वर येते आणि ती फुप्फुसांना, मूत्रपिंडांना विष आहे. गिऱ्हाईकाच्या गळ्यात शुद्धता, कारागिराच्या छातीत वाफ. अण्णांनी पंधरा-वीस वर्षं त्या वाफेत तोंड घालून काम केलं, खिडकी बंद करून, कारण खिडकी उघडली की ज्योत हलते. त्यांच्या दम्याचं कारण तेच का हे डॉक्टरने लिहून दिलेलं नाही आणि मीही छातीठोक म्हणणार नाही. आता कॅडमियम चालत नाही, जस्ताचे वगैरे डाग मिळतात, मी तेच वापरते आणि डोक्यावर एक्झॉस्ट आहे.

आणि झवेरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमधले ते माळे, जिथे बंगालमधल्या दासपूर, घाटाल, हुगळीकडची पोरं ज्या पाटावर काम करतात त्याच पाटाखाली झोपतात, तेजाबाच्या वासात. मीही पूर्वी घाईच्या वेळी तिकडून पार्ट करून आणायचे आणि इथे जोडून 'हाताने घडवलेलं' म्हणून द्यायचे. हात होताच, फक्त माझा नव्हता आणि ज्याचा होता त्याला मी कधी बघितलं नव्हतं. ते मी बंद केलंय. बाहेरून काही करून घेतलंच तर कारागिराला भेटते, खिडकी बघते, मजुरी त्याच्याच हातात देते. काम कमी होतं त्यामुळे. होऊदे.

तर ती घोडबंदरची मुलगी. तिला मी बोलावून सगळं जसंच्या तसं सांगितलं, की खाण मी सांगू शकत नाही, रिफायनरी सांगू शकते. ती जरा गप्प बसली आणि मग म्हणाली, आजीच्या पाटल्या आहेत, आजी कधीची म्हणतेय मोडून घे.

जुनं सोनं. आपल्या घराघरांत मिळून पंचवीस हजार टन सोनं आहे असा वर्ल्ड गोल्ड कौन्सिलचा अंदाज आहे, म्हणजे वर्षभरात आपण जेवढं आणतो त्याच्या तीसेक पट कपाटांतच आहे. बाहेरच्या देशांत हल्ली 'रिसायकल्ड गोल्ड' लिहून दागिने विकतात पण त्यावर माझा सरसकट विश्वास नाही, काल नदीतून निघालेलं सोनंही एकदा वितळवून साखळी केली आणि परत मोडली की कागदावर जुनंच होतं. इथेही तसंच. एक मुलगा एकदा तुटलेली चेन घेऊन आला होता, कडीजवळ ओढल्यासारखी लांबलेली, बिल नाही, घाई खूप. मी नाही घेतली. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातून आपल्या ठाण्यात काय ओढलं जातं ते आपण पेपरात वाचतो. जुनं म्हणजे चांगलं असं नाही, कुणाचं जुनं ते माहीत पाहिजे.

आजी स्वतः आल्या. मुरबाडकडच्या, ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी. पाटल्या रुमालात. मी त्यांच्यासमोर वजन केलं, त्यांच्यासमोर नवी मूस काढली. हे मुद्दाम सांगते, कारण सोनं वेगळं ठेवायचं ही बोलायला सोपी आणि करायला किचकट गोष्ट आहे. जुनी मूस नाही वापरायची, तिच्या काठाला दुसऱ्याचं सोनं असतं. टेबल पुसायचं, चामडं बदलायचं, कानस ब्रशने साफ करायची, म्हणजे ह्यांचा कीस ह्यांच्याच डबीत पडेल. चिमूटभर टाकणखार टाकला, ज्योत मारली, आणि पाटल्यांची नक्षी आधी ओली झाल्यासारखी चमकली आणि मग एका क्षणात नव्हतीच, नुसता एक लाल थेंब मुशीत फिरत होता. आजींनी मान वळवली नाही. मीच वळवली.

लगड भरली २३ ग्रॅमच्या थोडी वर. तपासल्यावर निघालं ८८ टक्के. जुन्या डागांमुळे होतं तसं. आणि इथे अडलं, कारण मुलीला एक कणही नवीन सोनं नको होतं आणि घरच्यांना बावीस कॅरेटच हवं होतं. ८८ टक्क्यांच्या २३ ग्रॅमला ९१६ वर, म्हणजे बावीस कॅरेटच्या ९१.६ टक्क्यांवर, न्यायचं तर त्यात जवळजवळ १० ग्रॅम चोख नवीन सोनं घालायला लागतं, हिशोब करून बघा. म्हणजे आजीच्या सोन्याच्या जवळपास निम्मं परत कुठल्यातरी अनोळखी खड्ड्यातून. नाहीतर आजीचं सोनं रिफायनिंगला देऊन चोख करून आणायचं, तिथे ते आपलं आपल्यालाच परत मिळतं का हा भरवशाचा प्रश्न, आणि तेजाब आलंच.

मी म्हणलं, तिसरा मार्ग आहे. वीस कॅरेट. बीआयएसच्या यादीत आहे, ८३३ चा, म्हणजे ८३.३ टक्क्यांचा, शिक्का मिळतो. ह्यात मी फक्त १.२ ग्रॅम तांबं-चांदी घालेन, कस ८३३ च्या किंचित वरच ठेवेन, नवीन सोनं शून्य. दागिना उलट जास्त टणक होईल.

मुलगी लगेच हो म्हणाली. तिची आई म्हणाली, अगं मंगळसूत्र वीस कॅरेटचं? उद्या कुणी विचारलं तर? शिक्क्यावर दिसणार ना ते. खरंच दिसणार होतं. आपल्याकडे सासरच्या माणसांनी भिंगातून वाटी बघण्याचे प्रकार मी पाहिलेत, ती भीती खोटी नव्हती. दोघींचं बराच वेळ चाललं, शुद्ध म्हणजे काय, आईचं शुद्ध आणि मुलीचं शुद्ध. मी मधे पडले नाही.

शेवटी आजी म्हणाल्या, "ह्या पाटल्या बाहत्तरच्या दुष्काळात दोनदा गहाण पडल्या. एकदा बैलासाठी नि एकदा ह्यांच्या आजारपणात. दोनदा सोडवल्या. तेव्हा सावकारानं पण कसच बघितला व्हता." एवढंच. सून गप्प झाली, मग तिने पर्समधून पेन काढलं आणि ऑर्डरच्या कागदावर सही केली.

मला सतरा दिवस लागले. दोन वाट्या, चार मणी आणि उरलेल्यात दोन पातळ बांगड्या. वाट्यांचा पत्रा ऐरणीवर हातोडीने खोलवला, मशीनला लावला नाही. वीस कॅरेटचा रंग बावीसपेक्षा जरासा लालसर येतो, तांब्याचा, काळ्या मण्यांत तो फार छान दिसला. हॉलमार्क होऊन आला, नंबर अ‍ॅपमधे टाकून पाहिला, ८३३.

आता प्रत्येक दागिन्याबरोबर मी एक हाताने लिहिलेलं कार्ड देते. सोनं कुणाकडून, किती, काय मिसळलं, डाग कसला, कुणी घडवलं. ज्यांचं नवीन असतं त्यांच्या कार्डावर बारचा नंबर आणि रिफायनरी, आणि खाली 'खाण: माहीत नाही'. ह्या ओळीवरून दोन गिऱ्हाइकं नाराज झाली, एक गेलंच. मी ओळ काढली नाही.

आजी न्यायला आल्या त्या दिवशी मी कार्ड वाचून दाखवलं. पाटल्या, आजीच्या, २३ ग्रॅम. तांबं-चांदी १.२ ग्रॅम. 'खाण' समोर मी जागा मोकळी ठेवली होती. आजी म्हणाल्या, "मुरबाडचं लिही की. गहाण पडलेलं लिही." मी लिहिलं, त्यांच्या शब्दांत, दोनदा गहाण, दोनदा सुटल्या, आणि त्याच्या खाली 'खाण: माहीत नाही' तेही लिहिलं. मग डबीतला कीस आणि तारेचे तुकडे वजन करून, कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या हातात दिले, एक ग्रॅमच्या आतबाहेर असतील. त्यांनी पुडी उघडून बघितली, परत बांधली आणि कनवटीला खोचली.